इतिहासकाराला मध्येच अडवा

इतिहासकारांना बोलतं करण्याचा सध्या सुकाळ आहे. दोन खुर्च्या, दोन मायक्रोफोन, दोन-अडीच तासांची निवांत बैठक, आणि विषय मंगोलांच्या घोडदळापासून गाझापट्टीपर्यंत कुठलाही. त्यावर वादही जोरात चालू आहे. वाचायचं सोडून लोक कानाने इतिहास शिकू लागले म्हणून एक बाजू हळहळते. विद्यापीठाच्या कपाटात कोंडलेला इतिहास एकदाचा बाहेर आला म्हणून दुसरी बाजू टाळ्या वाजवते. मला हा सगळा वादच उथळ वाटतो. भांडण चाललंय ते माध्यमावरून. दोनपैकी एका खुर्चीत प्रश्न विचारणारा बसलेला असतो आणि त्याचं नेमकं काम काय, हे कोणी विचारतच नाही.

हळहळणाऱ्यांना एवढंच सांगतो, की छापील थाप बोललेल्या थापेपेक्षा जास्त वर्षं टिकते. आणि टाळ्या वाजवताना ‘इतिहास जेतेच लिहितात’ हे पालुपद आळवणाऱ्यांनी वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये काढलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड उघडावा. पानिपतावर हरलेल्यांनी लिहिलेली पत्रं त्यात रगड आहेत. या दोघांशी माझं फारसं भांडण नाही.

माझं भांडण तिसऱ्या मताशी आहे. ते मत शहाण्यासारखं दिसतं आणि म्हणूनच जास्त पसरलं आहे. ते असं: सामान्य माणसाला पुरावे नकोत, गोष्ट हवी. पुरावे तपासणं हे तज्ज्ञाचं काम, ते त्याने आधीच केलेलं असतं. आपण डॉक्टरकडे जातो तेव्हा औषधाच्या चाचण्यांचे कागद मागत नाही, विश्वास ठेवतो. इतिहासकारावरही तसाच ठेवावा, त्याला मोकळेपणाने बोलू द्यावं, मध्ये अडवू नये. मुलाखत घेणाऱ्याने फक्त ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारत राहावं.

या मतात तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. विश्वासाशिवाय कोणतंच ज्ञान चालत नाही. मी काही जुन्या कराराचं हिब्रू वाचायला बसणार नाही, आणि चंगीजखानाबद्दल मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याच्या भरवशावरच. पण डॉक्टरची उपमा पहिल्याच पावलाला लंगडते. औषध चुकलं तर ताप उतरत नाही, रोग्याला कळतं. इतिहास चुकला तर ऐकणाऱ्याला काहीच होत नाही. उलट चुकीचा इतिहास बहुधा जास्त गोड लागतो. ज्या ज्ञानाची चूक आपल्या अंगावर उमटत नाही, तिथे विश्वास ठेवण्याआधी विचारणं जास्त गरजेचं, हे या मंडळींच्या ध्यानात येत नाही.

त्यांच्या मतातला दुसरा भाग मला अधिक खटकतो: सामान्य माणसाला पुरावा पेलत नाही. हे निदान पिंपरी-चिंचवडमध्ये राहून तरी कोणी म्हणू नये. पहिल्या पाळीला निगडीहून चाकणकडे निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये बघा. निम्म्या लोकांच्या कानात काहीतरी असतं आणि त्यातल्या काहींच्या कानात रोमन साम्राज्याचा ऱ्हास चालू असतो. हाच माणूस तासाभराने शॉपवर उभा राहतो तेव्हा कोणाच्याही तोंडी शब्दावर पार्ट पास करत नाही. मापाचा आकडा बरोबर असला, पण व्हर्नियरच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली असली, तर तो आकडा धरत नाहीत. लॉट परत आला की पाच वेळा ‘का’ विचारत ‘व्हाय-व्हाय’ करायला बसतात आणि प्रत्येक ‘का’च्या उत्तराखाली ‘कशावरून’चा कागद लागतो. तो लावला नाही की काय होतं, हे इथल्या क्वालिटीच्या कुठल्याही पोराला विचारा. पाचव्या ‘का’ला सगळं खापर ऑपरेटरवर फुटतं. इतिहासातला आपला ऑपरेटर म्हणजे फितूर. किल्ला का पडला? फितुरी. राज्य का बुडालं? फितुरी. रोम का बुडालं? विलास. रशियात झार का गेला? राणी आणि रास्पुतिन. ‘का’ची उत्तरं अशी चटचट मिळत जातात, कारण वाटेत कोणी कागद मागितलेला नसतो.

म्हणजे ज्याला पुरावा पेलत नाही म्हणून गोष्ट भरवायची, तो दिवसाचे आठ तास पुराव्याशीच खेळतो. त्याला तो बसमध्ये लागत नाही, याचं कारण त्याची कुवत नव्हे. बसमध्ये त्याच्यासमोर कोणी तो ठेवतच नाही.

आता पिंपरीच्याच संदर्भात एक उदाहरण घेऊ. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना इथे १९५४ मध्ये उभा राहिला, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. महायुद्धातून निघालेलं पेनिसिलिन इथल्या टाक्यांमध्ये तयार होऊ लागलं. पिंपरीला जगाच्या इतिहासाशी जोडणारा याहून सरळ धागा नाही. तर पेनिसिलिनबद्दल एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. स्कॉटलंडमधल्या एका गरीब शेतकऱ्याने दलदलीत रुतलेल्या मुलाला वाचवलं. मुलाच्या श्रीमंत बापाने उपकार फेडायला शेतकऱ्याच्या मुलाचं शिक्षण केलं. तो मुलगा अलेक्झांडर फ्लेमिंग, वाचलेला मुलगा विन्स्टन चर्चिल, आणि पुढे चर्चिलला न्यूमोनिया झाला तेव्हा फ्लेमिंगच्या पेनिसिलिननेच तो वाचला. ऐकताना अंगावर काटा येतो. ‘मग पुढे काय झालं?’ हा प्रश्न या गोष्टीचं काहीही बिघडवू शकत नाही, उलट तिला खतपाणीच घालतो.

‘कशावरून?’ मात्र तिला तीन ठिकाणी पकडतो. फ्लेमिंगचे वडील तो सात वर्षांचा असतानाच वारले. त्याचं वैद्यकीय शिक्षण काकाकडून वारशाने आलेल्या पैशावर आणि शिष्यवृत्तीवर झालं. आणि १९४३ च्या डिसेंबरात ट्युनिशियामध्ये चर्चिल न्यूमोनियाने अंथरुणाला खिळला तेव्हा त्याला दिलं ते सल्फा गटातलं औषध होतं, पेनिसिलिन नव्हतं. खुद्द फ्लेमिंगनेच ही दंतकथा असल्याचं सांगितलं होतं. मला गंमत याची वाटते, की खरी गोष्ट खोटीपेक्षा मोठी आहे. फ्लेमिंगने १९२८ मध्ये बुरशी पाहिली, पण तिचं औषध करणं त्याला जमलं नाही. बारा वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांच्या चमूने ते केलं, युद्धामुळे ते अमेरिकेच्या कारखान्यांत गेलं आणि युद्धानंतर दहाएक वर्षांत पिंपरीला आलं. उपकारफेडीच्या गोष्टीत पिंपरीला जागाच नाही. प्रश्नाने गोष्ट मरते असं म्हणणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात.

जाणकारांनी एकमेकांना अडवलं की काय होतं, याचंही एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. इंग्रज इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांचं दुसऱ्या महायुद्धाच्या उगमावरचं पुस्तक १९६१ मध्ये आलं. हिटलरने युद्धाची योजनाबद्ध आखणी केली नव्हती, तो संधी साधत गेला, असं टेलर यांचं म्हणणं. त्यावर इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर तुटून पडले. नियतकालिकात वाद झाला आणि त्याच वर्षी जुलैत दोघे बीबीसी टेलिव्हिजनवर समोरासमोर बसले. वादातला कळीचा कागद होता ‘हॉसबाख टिपण’. ५ नोव्हेंबर १९३७ रोजी बर्लिनमध्ये हिटलरने सेनाप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री यांच्यापुढे आपले बेत मांडले. बैठकीला हजर असलेल्या कर्नल हॉसबाखने पाच दिवसांनी त्याचं टिपण लिहिलं. न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुढे आली ती मूळ प्रत नव्हती, प्रतीची प्रत होती. ट्रेव्हर-रोपर यांना हा कागद म्हणजे हिटलरच्या हेतूचा पुरावा. टेलर विचारतात: बैठक कशासाठी बोलावली होती? टिपण कोणासाठी लिहिलं? पाच दिवसांच्या अंतरात काय गळलं, काय चढलं? बहुतेक इतिहासकारांनी पुढे टेलर यांचा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारला नाही, मलाही तो पटत नाही. पण त्या कागदाकडे पूर्वीसारखं भाबडेपणाने आता कोणी बघत नाही. जाणकारांच्या संभाषणातून मला हेच हवं असतं. निष्कर्ष पटला नाही तरी चालेल, कागद कसा वाचायचा ते कळलं पाहिजे. याच वादाच्या सुमारास वेद मेहता या लेखकाने इंग्लंडच्या इतिहासकारांना घरोघर गाठून एक पुस्तक केलं. लहानपणी दादरच्या अंधशाळेत शिकलेला हा माणूस एका इतिहासकाराचा आक्षेप घेऊन दुसऱ्याच्या दारात उभा राहायचा. मुलाखत घेणाऱ्यांनी हे पुस्तक आधी वाचावं.

हे सगळं विलायतेचं, असं कोणी म्हणेल. मग पिंपरीहून लोणावळा लोकल पकडावी आणि तळेगाव, वडगाव, कान्हे मागे टाकून कामशेतला उतरावं. रियासतकार गो. स. सरदेसाई बडोद्याची नोकरी संपवून इथे येऊन राहिले आणि १९५९ मध्ये इथेच वारले. सयाजीरावांच्या दरबारी असताना मॅकियाव्हेली आणि सीली यांना मराठीत आणणारा हा माणूस. जगाचा इतिहास त्याला परका नव्हता. सरदेसायांचं आणि इतिहासकार जदुनाथ सरकारांचं संभाषण जवळपास अर्धशतक चाललं. बहुतेक पत्रांतून, कधी कामशेतच्या घरी. एकाकडे फारसी, दुसऱ्याकडे मोडी. तारखांचा मेळ, नावांची खातरजमा, अमुक कागद खरा की बनावट, अशी ती बोलणी. सरकार कडक. मराठ्यांच्या उद्योगामागे महाराष्ट्रधर्माची प्रेरणा होती असं सरदेसाई म्हणत, सरकारांना ते मान्य नव्हतं. तरी पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड दोघांनी मिळून काढले. १९३० पासून पेशवे दफ्तरातल्या निवडीचे पंचेचाळीस खंड सरदेसायांच्या हातून बाहेर पडले. दफ्तर त्यांच्याच हाती दिलं म्हणून पुण्यातल्या संशोधकांनी त्यांच्यावर काढलेला रागही त्या काळच्या संभाषणाचाच भाग होता, आणि तो सगळाच चुकीचा नव्हता. पन्नास वर्षांच्या या मैत्रीत कोणी कोणाचं म्हणणं ‘तज्ज्ञ आहेत’ म्हणून सोडून दिलं नाही.

इथे मला एक भेद करावासा वाटतो. माझ्या लेखी सगळं त्यावर येऊन थांबतं. प्रश्न दोन जातींचे असतात: पुढे ढकलणारे आणि अडवणारे. पण अडवणाऱ्यांतही पुन्हा दोन जाती आहेत. एक म्हणजे ‘खरंच का?’ आणि दुसरा ‘कशावरून?’ वरवर सारखेच, पण ‘खरंच का?’ विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. त्याला संशय हवा असतो, आणि आजकाल तो संशय विकण्याचा मोठा धंदा आहे. ‘जे शिकवलं ते खोटं, खरं लपवलं गेलं’ म्हणणारे वक्ते या प्रश्नावरच पोट भरतात. त्यांना एकदा ‘कशावरून?’ विचारा, ते तुम्हालाच विकलेला ठरवतील. ‘कशावरून?’ विचारणारा मात्र उत्तर मिळालं तर ते घ्यायला तयार असतो. त्यातून एक गैरसोयही होते, ती कबूल करायला हवी: उत्तर आपल्याला न आवडणारं निघू शकतं. चांगला इतिहासकार या प्रश्नाने दुखावत नाही, उलट खुलतो. दिवंगत गजानन मेहेंदळे यांच्या ग्रंथांतला मजकूर आणि त्याखालच्या टिपा पाहिल्या की हे कळतं. सगळा जन्म ज्याने या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात घालवला, त्याला तो न विचारणं हा त्याचा मान नव्हे.

मराठीत जगाच्या इतिहासावर बोलणाऱ्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न दुप्पट लागू आहे. मंगोल किंवा रोम यांवर बोलणारा आपला वक्ता बहुधा इंग्रजी पुस्तकांवरून बोलत असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्याने एवढंच सांगावं: हे मी अमक्याच्या पुस्तकात वाचलं, मूळ साधन फारसीत आहे, ते मी पाहिलेलं नाही. हे वाक्य बोलायला अर्धं मिनिट लागतं. ज्या गप्पांत ते एकदाही येत नाही, तिथे अभ्यासक आणि बडबड्या यांच्यात फरक करायला श्रोत्याकडे काहीच उरत नाही. दोघेही अस्खलित असतात, आणि बडबड्या बहुतेक वेळा जास्तच.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिच्या वळणावरच्या व्याख्यानमाला आता आपल्या शहरातही उपनगरागणिक भरतात. त्यांच्या चालकांना माझी विनंती आहे. सत्कार, शाल-श्रीफळ, प्रायोजकांची नावं आणि आभारप्रदर्शन मिळून जो अर्धा-पाऊण तास जातो, तो कापा. तो श्रोत्यांच्या प्रश्नांना द्या. भाषण करू पाहणाऱ्या श्रोत्याला खाली बसवा. आणि पहिला प्रश्न मंचावरच्या सूत्रसंचालकानेच विचारावा, वक्त्याच्या सगळ्यात टाळ्या मिळालेल्या वाक्यावर बोट ठेवून: हे कशावरून म्हणता?