अन्सार नसलेली आकाशगंगा

आयझॅक असिमोव्हच्या ‘फाउंडेशन’मध्ये माणसाने सारी आकाशगंगा व्यापली आहे. सुमारे अडीच कोटी ग्रहांवर वस्ती, एक सम्राट, एक राजधानी, हजारो वर्षांचा इतिहास. १९५१ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या कथेत एक प्रश्न मात्र उठतच नाही : या ग्रहांवर माणसाच्या आधी कोण राहत होते? कोणीच नाही, असे गृहीतच धरले आहे.

याचे कारणही गमतीचे आहे. जॉन कॅम्पबेल या संपादकाला परग्रहवासीयांपुढे माणूस नेहमी वरचढ ठरलेला हवा असे. असिमोव्हला ते पटेना, म्हणून त्याने परग्रहवासीच वगळले. वंशश्रेष्ठत्व लिहायचे नाही, तर दुसरा वंशच ठेवायचा नाही! सज्जन माणसाची ही पळवाट आहे, पण पळवाटच.

कल्पनेत कुणाचे रक्त सांडत नाही, असे कोणी म्हणेल. पण खरी वसाहत करणाराही आधी कल्पनाच करतो. इंग्रजांच्या १८७८ च्या वन कायद्याने जंगले सरकारी राखीव ठरवता येऊ लागली, तेव्हा त्या जंगलांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे होतीच. फक्त कागदावर नव्हती.

उर्सुला ले ग्विनने १९७२ मध्ये नेमकी ही माणसे कथेत आणली. तिच्या कादंबरीतल्या ग्रहावर जग आणि जंगल यांना एकच शब्द आहे. पृथ्वीवरचे लोक तिथे लाकडासाठी येतात आणि तिथल्यांना वेठीला धरतात.

बल्लारपुरात बसून ही कादंबरी वाचणाऱ्याला तो ग्रह दूर शोधावा लागत नाही. वर्धा नदीकाठी गोंड राजांचा किल्ला, पलीकडे सागवानाचे आगार, बांबूवर चाललेली कागद गिरणी, कोळशाच्या खाणी. रेल्वेबरोबर, गिरणीबरोबर तेलंगणातून, उत्तरेतून माणसे आली. त्यांत मुसलमानही आले. प्रत्येक घराचा इतिहास स्टेशनापासून सुरू होतो : आजोबा रेल्वेत लागले, अब्बा गिरणीत. या इतिहासात गोंड येतो तो किल्ल्यापुरता. त्याचे आकाश तर कुणाच्या गावीही नसते. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी गोंडांच्या तारकाज्ञानाची नोंद केली आहे. सप्तर्षींतले चार तारे म्हणजे खाट, उरलेले तीन म्हणजे चोर. आणि आकाशगंगा म्हणजे जनावरांची वाट. आपली ‘कहकशां’ही फारसीत ओढत नेलेल्या गवताच्या काड्यांवरून आली आहे. वाटेचीच आठवण ती!

‘तुम्ही मूळचे कुठले?’ हे आपल्याला इतक्यांदा विचारले गेले आहे की उत्तराचे कागद पेटीत वरच ठेवलेले असतात. म्हणूनच कदाचित ‘आपल्या आधी इथे कोण होते?’ हा दुसरा प्रश्न आपल्याला सुचत नाही. पहिला अपमानासाठी विचारला जातो, दुसरा हिशेबासाठी विचारायचा असतो. दोन्ही एक नव्हेत.

दुसऱ्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. इ. स. ६२२ ची हिजरत रिकाम्या भूमीवर झाली नाही. यस्रिबच्या माणसांनी अकबाला शब्द दिला होता. मुहाजिरांना त्यांनी घरात घेतले, एकेकाला भाऊ मानले. पुढे तिथे संघर्षही झाले, ते झाकायचे कारण नाही. पण आश्रय देणाऱ्यांना इस्लामच्या इतिहासाने नाव दिले : अन्सार. मुहाजिरांची कहाणी त्यांच्यावाचून सांगताच येत नाही.

असिमोव्हच्या अडीच कोटी ग्रहांवर एकही अन्सार नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनाचा सामूहिक हक्क मिळाला आणि बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती आले. मंत्री स्वतः ते द्यायला गेले होते, एवढी ती नवलाई! बांबू तोच, ज्याच्या कागदावर आपल्या पोराबाळांची शाळा झाली. त्या घराघरांतल्या इतिहासात मेंढ्याचे नाव कुठल्या पानावर घालायचे, हे अजून ठरायचे आहे.