मिंधेपणाचा प्रश्न

दानाचा विचार धर्मग्रंथांनी बहुतेक देणाऱ्याच्या ओसरीवर बसून केला आहे. गीतेचा सतरावा अध्याय सात्त्विक, राजस आणि तामस दान वेगळे काढतो, पण कसोटी लागते ती दात्याच्या मनाला. घेणारा तिथे पात्र किंवा अपात्र, एवढाच. घेतल्यानंतर त्याच्या मनाचे काय होते, यासाठी मराठीत मात्र नेमका शब्द आहे: मिंधा. मिंध्याला भाकर मिळते, पण मान वर करून बोलता येत नाही. बालगृहातले मूल आणि त्याच्या घरची माणसे समाजकार्याचा अनुभव घेतात तो या शब्दाच्या सावलीत.

अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की वलगाव लागते. इथे पेढी नदीजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. निराधारांसाठी त्यांनी काय केले हे सर्वांना ठाऊक असते. ते स्वतः दुसऱ्याच्या घरी वाढलेले मूल होते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. शेंडगावच्या डेबूचे, म्हणजे लहानपणच्या गाडगेबाबांचे, वडील झिंगराजी दारूपायी गेले आणि आई सखूबाई त्याला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. मामाकडे त्याने गुरे राखली, शेतात राबला. पुढच्या फिरस्तीत बाबांचा क्रम ठरलेला असे: आधी गाव झाडायचे, मग भाकर मागायची. या क्रमाकडे स्वच्छतेचा धडा म्हणून पाहतात. तो मिंधेपणावरचा उतारा म्हणूनही वाचता येतो, कारण झाडून घेतलेल्या गावाची भाकर भीक उरत नाही. अडचण एवढीच की हा उतारा प्रौढाचा आहे. पाच वर्षांचे पोर कोणते गाव झाडणार?

अशा पोरासाठी कायदा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे निराधार सापडलेले मूल चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. मग समाजकार्यकर्ता घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार करतो. त्याच्या दृष्टीने ती गृहभेट असते. घरच्या बाईला दिसते ते वेगळे: परका माणूस चूल पाहतो, डबे पाहतो, नवरा कशाने गेला ते विचारतो आणि शेजारीण दारात उभी राहून ऐकते. शेतकरी आत्महत्यांच्या या अमरावती पट्ट्यात अनेक विधवांना आपले दुःख कागदोपत्री सिद्ध करावे लागते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पुन्हा एक झेरॉक्स. मूल बालगृहात गेले तर गावात बोलले जाते, ‘पोरगं रिमांडात टाकलं.’ कायद्याने बालगृह आणि गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचे निरीक्षणगृह वेगळे केले, बोलीने अजून केलेले नाही. त्यामानाने राज्याच्या बालसंगोपन योजनेचे महिना २२५० रुपये कमी बोचतात. मूल आईकडे किंवा आजीकडेच राहते आणि पैसे गाजावाजा न होता खात्यात पडतात. संस्था हा शेवटचा पर्याय असावा, असे कायद्याचे तत्त्व आहे. आईच्या मनात ते कायद्याच्या आधीपासूनच असते.

मुलाच्या वाट्याला येते ते पुन्हा पुन्हा सांगणे. नवीन मॅडम आल्या की तीच गोष्ट पहिल्यापासून. मुलांचे आणि मुलींचे बालगृह वेगळे, म्हणून भाऊ एका गावी, बहीण दुसऱ्या. शिवाय पाहुणे येतात. कोणाचा तरी वाढदिवस असतो. केळी, वह्या, घोंगड्या वाटल्या जातात, मुले ओळीत उभी राहून हात जोडतात आणि फोटो निघतो. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे छायाचित्र प्रसिद्ध करायला कायद्याची बंदी आहे, पण पुण्य कमावण्याच्या हौसेपुढे ती कोणाला आठवत नाही.

इथे तैत्तिरीय उपनिषद उपयोगी पडते. देताना देणाऱ्याने लाजावे, असे ते सांगते. फोटोच्या प्रसंगी लाज नेमकी उलट्या बाजूला गेलेली असते. संविधानाच्या अनुच्छेद ३९ (च) ने मुलांच्या वाढीशी प्रतिष्ठा हा शब्द जोडला आणि कायद्याने दयेच्या जागी हक्क आणला. हक्काने मिंधेपण पुष्कळ कमी होते. पण रात्री ताप भरल्यावर उशाशी कोण बसेल, याचे उत्तर हक्कात नसते. कार्यकर्त्याला अलिप्त राहायला शिकवतात आणि गीतेचा अनासक्त कर्मयोगी त्याला आदर्श वाटतो. मुलाला मात्र आसक्तीच हवी असते: आपल्यावाचून कोणाचे तरी अडावे, एवढी. गाडगेबाबांच्या चरित्रातही हा पेच आहे. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी जगाच्या सेवेसाठी घर सोडले, तेव्हा घरात आई, बायको आणि लेकरे होती. या घरच्यांच्या बाजूने ही कथा क्वचितच सांगितली जाते.

वलगावचाच रस्ता पुढे परतवाड्याला जातो आणि तिथून जवळ वझ्झर आहे. २०२४ मध्ये पद्मश्री मिळालेल्या शंकरबाबा पापळकरांनी इथे टाकून दिलेल्या अपंग मुलांना वाढवले आणि त्यांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून स्वतःचे नाव लावले. नाव लावले की आसक्ती आलीच, आणि मिंधेपण राहत नाही. बापाचे खाणारा कोणी मिंधा नसतो. कायदा मात्र अठराव्या वर्षी मुलाला बालगृहाबाहेर काढतो, अनुरक्षणाची, म्हणजे त्यानंतरच्या आधाराची, सोयही साधारण एकविसाव्या वर्षापर्यंतच. अपंग बेवारस मुलांना जन्मभर तिथेच राहता यावे, ही पापळकरांची जुनी मागणी आहे. वझ्झरच्या उजाड टेकडीवर याच मुलांनी झाडे लावून जगवली आहेत.