स्मृतीचें माप

मोटारीच्या पुढच्या कांचेवर बसविलेला डॅशकॅम आतां मध्यमवर्गीय कुटुंबांच्या गाड्यांतही वरचेवर दिसूं लागला आहे. अपघात झाल्यास चूक कोणाची याचा निर्णय व्हावा, खोट्या आरोपापासून बचाव व्हावा, विम्याची रक्कम मिळण्यास अडचण पडूं नये, हे त्याचे उघड हेतु होत. यंत्र घेतलें म्हणजे पुढचा प्रश्न येतो तो सांठवणीचा. दुकानदार ३२ जीबीपासून ५१२ जीबीपर्यंतचीं कार्डें पुढें मांडतो. कांहीं मोटारींना पेनड्राइव्ह किंवा एसएसडी जोडावी लागते. कोणी ठराविक भाडें भरून सर्व चित्रण दूरच्या सर्व्हरवर पाठविण्याची सोय सुचवितो. गिऱ्हाईक किंमत पाहतें आणि परवडेल तितकें मोठें घेऊन घरीं येतें. ही निवड बाजारहाटाच्या इतर निवडींसारखीच आहे असा सर्वसाधारण समज आहे. आम्हांस मात्र तींत नीतीचा एक प्रश्न दडलेला दिसतो. तो असा, कीं सार्वजनिक रस्त्यावर जें आपल्या दृष्टीस पडलें, त्यांतील किती, आणि किती काळ, जपून ठेवण्याचा आपणांस अधिकार आहे?

प्रथम यंत्राची रीत समजून घेऊं. डॅशकॅम अखंड लिहितो आणि अखंड पुसतो. चित्रणाचे तो एक, तीन किंवा पांच मिनिटांचे तुकडे पाडतो. कार्ड भरलें कीं सर्वांत जुना तुकडा पुसून त्याच्या जागीं नवा लिहितो. गाडीस धक्का बसला तर आंतील धक्कामापक त्या वेळच्या तुकड्यास कुलूप घालतो व तो तुकडा सहसा पुसला जात नाहीं. म्हणजे नित्याचें विसरावें आणि विशेष तेवढें राखावें, असा एक विवेक यंत्राच्या रचनेंतच घातलेला आहे. फुल एचडी चित्रणास सेकंदाला १५ मेगाबिट लागतात असें धरल्यास तासाला पावणेसात जीबी जागा खर्चीं पडते. या हिशोबानें ६४ जीबीच्या कार्डावर सुमारें नऊ तास मावतात आणि १२८ जीबीच्या कार्डावर अठरा-एकोणीस. मागच्या बाजूसही कॅमेरा असल्यास हे तास निम्मे होतात. २०२५ सालीं पुरा झालेला नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग आठेक तासांत ओलांडणाऱ्या कुटुंबाचा सबंध प्रवास ६४ जीबींत बसतो. रोज तासभरच गाडी वापरणाऱ्याच्या १२८ जीबीच्या कार्डावर अडीच आठवड्यांचा काळ शिल्लक राहतो.

आतां या कार्डाच्या पोटांत काय घडतें तें पाहूं. त्यांतील स्मृतीचा शोध तोशिबा कंपनींत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनीं लावला. तिचा एक प्रकार १९८४ सालीं, व आजच्या कार्डांत वापरला जाणारा दुसरा १९८७ सालीं जगापुढें आला. 'फ्लॅश' हें नांव तिला एका सहकाऱ्यानें सुचविलें असें सांगतात. एका क्षणांत मोठा भाग पुसून टाकण्याची तिची रीत पाहून त्यास छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटाची आठवण झाली. स्मृतीचें नांव तिच्या विस्मृतीवरून पडावें, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. तिच्या प्रत्येक पेशींत विद्युत्कण एका निरोधक भिंतीआड कोंडून ठेवलेले असतात. पेशी पुसतांना ते त्या भिंतींतून बळेंच बाहेर ओढले जातात, आणि दर वेळीं भिंत किंचित् झिजते. असें कांहीं हजार वेळां झालें कीं सामान्य प्रतीची पेशी निकामी होते. केवळ वाचल्यानें ती फारशी झिजत नाहीं; लिहिणें व पुसणें हेंच तिला जुनें करतें. उष्णतेनें कोंडलेले विद्युत्कण अधिक त्वरेनें निसटतात, आणि वैशाखांत विदर्भाच्या उन्हांत उभी राहिलेली गाडी आंतून किती तापते हें वाचकांस सांगावयास नको. म्हणूनच छायाचित्रांसाठीं विकलें जाणारें साधें कार्ड या कामीं टिकत नाहीं, व सततच्या लेखनासाठीं मुद्दाम बनविलेलीं, 'हाय एन्ड्युरन्स' म्हणून विकलीं जाणारीं कार्डें निराळीं मिळतात. अनेक उत्पादक साध्या कार्डाच्या हमींतून डॅशकॅमचा वापर वगळतात, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

येथें मोठ्या कार्डाची बाजू मोकळेपणानें मांडली पाहिजे. दिवसाला नऊ तास फिरणाऱ्या टॅक्सींत ६४ जीबीचें कार्ड रोज एकदां सबंध पुसलें जातें. २५६ जीबीचें चार दिवसांनीं एकदां. झीज चौपटीनें कमी होते आणि कार्ड तितकें अधिक टिकतें. हा युक्तिवाद निर्दोष आहे व तो आम्हांस मान्य आहे. परंतु मोठें कार्ड घेणाऱ्या बहुतेकांच्या मनांत झिजेचा हिशोब नसतो. 'असूं द्या, केव्हां तरी उपयोगी पडेल,' ही त्यांची भावना असते. अडगळीच्या खोलींत हीच भावना निरुपद्रवी ठरते, कारण तेथें सांठणाऱ्या वस्तु आपल्या असतात. डॅशकॅमच्या कार्डावर सांठतें तें बहुतांशीं दुसऱ्याचें असतें: रस्ता ओलांडणारी म्हातारी, शाळेंतून परतणारीं मुलें, कोणाच्या दुचाकीचा क्रमांक, कोण कोणाबरोबर कोठें उभा होता तें. त्यांपैकीं कोणीही आपलें चित्र जपून ठेवा असें आपणांस सांगितलेलें नसतें.

यावर पूर्वपक्ष असा केला जाईल, कीं पुढें कशाचा उपयोग होईल हें आज कोण सांगूं शकेल? आणि त्याच्या पुष्टीस एक भव्य उदाहरण आहे. १५ फेब्रुवारी १९१३ नव्हे, तर अगदीं आपल्या काळांत, १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं रशियांतील चेल्याबिन्स्क शहरावर एक अशनि फुटला. फुटलेल्या कांचांनीं वगैरे सुमारें दीड हजार माणसें जखमी झालीं. तो आकाशांतून कोणत्या मार्गानें आला हें शास्त्रज्ञांनीं ठरविलें, त्यांत तेथील मोटारचालकांच्या डॅशकॅमनीं टिपलेल्या चित्रांचा मोठा वांटा होता. त्यांतील एकाही चालकानें उल्का पाहण्यासाठीं तें यंत्र बसविलें नव्हतें. परंतु हें उदाहरण बारकाईनें पाहतां तें पूर्वपक्षाच्या कामीं येत नाहीं. ती घटना साऱ्या शहरानें पाहिली होती; लोकांनीं आपलीं चित्रणें लागलींच बाजूस काढलीं. वर्षानुवर्षांच्या सांठ्यांतून तीं हुडकावीं लागलीं नाहींत. विशेष घडलें तेव्हां तें राखलें गेलें, एवढेंच त्यांतून सिद्ध होतें. आणि तेवढें काम लहान कार्डही करतें.

आमच्या विवेचनाचें मर्म पुढील भेदांत आहे. पुसण्याचे दोन प्रकार आहेत. एक कालक्रमानें पुसणें. दुसरें इच्छेनें पुसणें. लहान कार्ड कालक्रमानें पुसतें. त्याला आपली सोय कळत नाहीं, शेजाऱ्याचा दोष कळत नाहीं. जें जुनें झालें तें जातें. जेथें सर्व कांहीं कायम राहतें तेथें पुसण्याचा अधिकार घड्याळाकडून मालकाच्या हातीं येतो. मग कोणता प्रसंग दाखवावयाचा, कोणता दडवावयाचा, कोणता कोणाविरुद्ध उपयोगांत आणावयाचा, हें तोच ठरवितो. लोक समजतात कीं मोठ्या सांठ्यानें सत्याचें अधिक रक्षण होतें. वस्तुतः त्यानें सत्याच्या निवडीवरील एकाच पक्षाची सत्ता वाढते.

आपल्या पुराणांनीं चित्रगुप्ताच्या हातीं अशी वही दिली आहे कीं जींतील कांहीं पुसलें जात नाहीं. परंतु त्या कल्पनेंत दोन पथ्यें सांभाळलेलीं आहेत. चित्रगुप्त स्वतः कोणत्याही खटल्यांत पक्षकार नसतो, आणि निवाडा करणारा यमधर्म त्याच्याहून वेगळा असतो. डॅशकॅमचा मालक मात्र स्वतःच लेखक, स्वतःच भांडारी आणि स्वतःच वादी असतो. अशा माणसाच्या हातीं न पुसली जाणारी वही देणें धोक्याचें आहे, मग तो माणूस कितीही सज्जन असो.

हा विचार केवळ आमच्या मनाचा खेळ नव्हे. जर्मनींतील माग्डेबुर्ग शहरांत दोन मोटारी शेजारशेजारच्या मार्गिकांतून डावीकडे वळतांना एकमेकींस घासल्या, व तो तंटा कार्ल्सरूह येथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला. १५ मे २०१८ रोजीं त्या न्यायालयानें दिलेला निर्णय विचार करण्यासारखा आहे. सबंध प्रवासाचें विनाकारण अखंड चित्रण करून ठेवणें हें तेथील माहितीरक्षणाच्या कायद्यास धरून नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. तरीही त्या तंट्यांत तें चित्रण पुरावा म्हणून पाहण्यास त्यानें अनुमति दिली. थोड्या थोड्या वेळानें पुसत जाणारी आणि टक्कर झाली तरच कायम राखणारी व्यवस्था तांत्रिक दृष्ट्या शक्य आहे, याकडेही त्यानें लक्ष वेधलें. सांठवण किती असावी हा प्रश्न न्यायासनापुढेंही नीतीचाच प्रश्न ठरतो, हें यावरून दिसेल.

हा विषय रस्त्यावरच संपत नाहीं. तो गाडीच्या आंतही येतो. कित्येक डॅशकॅमना आंत पाहणारा दुसरा डोळा असतो, आणि बहुतेकांना कान असतो. पगारी चालक ठेवणाऱ्या कुटुंबांनीं क्षणभर त्याच्या जागीं बसून पाहावें. त्याची जांभई, घरून आलेला फोन, एकट्यानें गुणगुणलेलें गाणें, हें सर्व महिनोन्महिने दुसऱ्याच्या कपाटांत पडून राहणार, आणि पगाराच्या बोलण्याच्या वेळीं त्यांतील एखादा तुकडा बाहेर निघणार, ही जाणीव घेऊन त्यानें रोज चाक हातीं धरावें काय? त्याच्यावर खोटा आळ आला तर तेंच चित्रण त्याची भाकर वांचवील, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु त्यासाठीं चार-आठ दिवसांची स्मृति पुरे आहे. आणि तिची प्रत मागण्याचा हक्क मालकाइतकाच त्यालाही असावा. पतिपत्नींचें गाडींतील बोलणें व मुलांची बडबड यांविषयीं अधिक लिहिण्याची गरज नाहीं. ध्वनि बंद ठेवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, ती वापरावी.

आमच्या नैयायिकांनीं स्मृतीला यथार्थ अनुभवाच्या पंक्तीस बसविलें नाहीं. मागें झालेल्या अनुभवाच्या संस्कारावर ती सर्वस्वीं अवलंबून असते, हें त्याचें कारण. आधुनिक न्यायशास्त्रही यंत्राच्या स्मृतीविषयीं असेंच सावध आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४ सालच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यांत, १४ जुलै २०२० रोजीं, आपल्या सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें, कीं विद्युत् नोंदीची प्रत पुढें आणावयाची तर तिच्यासोबत कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्र हवें. मूळ साधनच हजर करून त्याच्या मालकानें साक्षीच्या पिंजऱ्यांत उभें राहून तें आपलें असल्याचें सिद्ध केलें तर गोष्ट निराळी. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेंही प्रमाणपत्राची अट कायम ठेवली आहे. तात्पर्य, कार्ड एकटें बोलत नाहीं. त्याच्यामागें, 'हें माझें, मीं यांत फेरफार केलेला नाहीं,' असें म्हणणारा माणूस लागतो. ज्याची ग्वाही आपण शपथेवर देऊं शकतों तेवढेंच राखावें, हें माप यांतूनच हातीं येतें.

आणि खरी कसोटी याहून कठीण आहे. एखाद्या संध्याकाळीं चूक आपलीच असेल, आणि तें त्या कार्डावर स्वच्छ दिसत असेल. अपराध दडविण्यासाठीं पुरावा नाहींसा करणें हा गुन्हा आहे. पण कायदा येऊन पोंचण्यापूर्वीं कांहीं क्षण असे असतात कीं त्या वेळीं नखाएवढें तें कार्ड आणि आपण, एवढेच दोघे समोरासमोर असतों. रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या घरीं वाट पाहणारें कोणी असतें, आणि त्याला मिळावयाची भरपाई त्या नखाएवढ्या वस्तूवर अवलंबून असूं शकते. ज्यानें तें यंत्र केवळ स्वतःच्या बचावाचें शस्त्र म्हणून बसविलें त्याचा हात त्या क्षणीं कार्डाकडे जाईल. ज्यानें तें साक्षीदार म्हणून बसविलें, त्याला हात आवरण्याचें बळ निदान आधींच्या निश्चयांतून मिळेल. म्हणून हा निश्चय कार्ड विकत घेतांनाच घरांतील सर्वांनीं मिळून करावा.

व्यवहाराचें सांगावयाचें तर आमचें मत थोडक्यांत असें. सततच्या लेखनास टिकणारें, सेकंदाला निदान ३० मेगाबाइट लिहूं शकणारें व यंत्राच्या माहितीपत्रकास जुळणारें कार्ड खात्रीच्या दुकानांतून घ्यावें. आपला सर्वांत लांबचा प्रवास आणि वर चार-आठ दिवस, एवढा काळ मावेल इतकें तें असावें. झीज वांचविण्यासाठीं मोठें घेतल्यास दर महिन्यास यंत्रांतच तें कोरें करावें. अनेक उत्पादकही अधूनमधून तसें करण्यास सांगतात. खड्ड्यांच्या धक्क्यांनीं कुलुपें पडून कार्ड भरणार नाहीं इतपत धक्कामापक मंद ठेवावा. कांहीं विशेष घडलें तर तेवढ्या तुकड्याची प्रत लागलींच काढावी, मूळ कार्ड जसेंच्या तसें बाजूस ठेवावें, आणि प्रकरण मिटेपर्यंत त्यास हात लावूं नये. बाकीचें, ज्यांचें तें होतें त्यांच्याबरोबर, रस्त्यावरून निघून जाऊं द्यावें.