शेवट ठाऊक नसताना



नारदाच्या गादीवर चाळीस वर्षे उभा राहिलो, पण आता गोष्ट लिहायला बसलो की हात थांबतो. कीर्तनात आधार असतो. एक अभंग घ्यायचा, चरणामागून चरण सोडवायचा, प्रमाणे द्यायची, दृष्टान्त सांगायचा आणि पुन्हा अभंगावर यायचे. मध्येच अडखळलो तर टाळकरी चाल धरतात, तेवढ्यात पुढचे आठवते. कागदापुढे टाळकरी नाहीत आणि हाती अभंगही नाही. मग शेवट न ठरवता गोष्ट लिहायला घ्यावी का? वाट चुकली तर लोक हसतील, ही भीती या वयातही सुटत नाही.

गोष्ट माझ्याच चुकीची आहे. वीसेक वर्षांपूर्वी पवनी तालुक्यातील एका गावी सप्ताहात कीर्तन होते. दृष्टान्त घरूनच बांधून नेला होता : हरवलेला मुलगा बापाला परत भेटतो. सांगता सांगता टाळकऱ्यांतला एक जण मान खाली घालताना दिसला. मी थांबलो नाही. शेवट तयार होता ना! मुलगा परत आला, लोकांनी गजर केला, आणि त्या माणसाने टाळ खाली ठेवले व तो निघून गेला. जेवणाच्या पंगतीत कळले, त्याचा मुलगा त्याच पावसाळ्यात वैनगंगेत वाहून गेला होता.

म्हणजे आराखडा नसल्याने नव्हे, तो होता म्हणून मी चुकलो. समोरचा माणूस दिसूनही मला पाहायचा राहिला.

तरीही आराखडा वाईट, असे मी म्हणणार नाही. नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तिला गीतेच्या ७०० श्लोकांचा क्रम होता. त्या क्रमातूनच सुमारे ९००० ओव्या उमलल्या. पुढे, परंपरा सांगते, निवृत्तिनाथ म्हणाले की ही टीका झाली, आता स्वतंत्र ग्रंथ करा. त्यातून दहा प्रकरणांचा अमृतानुभव झाला. तिथे पुढे चालायला दुसऱ्याचा श्लोक नव्हता, गुरुकृपा मात्र होती. आणि एवढा ग्रंथ झाल्यावरही शेवटच्या प्रकरणात माऊली विचारतात, जे स्वयंसिद्ध आहे ते सांगायचे कशाला? माऊलींनीही जो प्रश्न टाळला नाही, तो आपण कशाला टाळावा?

आपल्या भंडाऱ्याकडचा शेतकरी हे जाणतो. पाऊस किती येईल ते त्याला ठाऊक नसते, म्हणून तो पऱ्हे टाकायचे थांबत नाही. पण बांधीचा धुरा आधी नीट करतो. धुरा फुटका असेल तर आलेले पाणीही राहत नाही. गोष्टीचा शेवट हा पाऊस. तो माझ्या हाती नाही. धुरा माझ्या हाती आहे, आणि या गोष्टीत तो एवढाच : खोटे लिहायचे नाही. शेवट आधीच बांधला असता, तर मी त्या बापाला परत आणून माझ्या पाया पडायला लावले असते. माझी सुटका व्हावी म्हणून त्या बिचाऱ्याला दुसऱ्यांदा राबवले असते.

असे ठरवून परवा लिहायला बसलो. खाली ठेवलेल्या टाळांपर्यंत गोष्ट आली. पुढची ओळ आपोआप उतरली : ‘दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दारात गेलो.’ वाचली आणि खोडली. मी गेलोच नव्हतो. सकाळच्या पहिल्या गाडीने घरी परतलो होतो.

माऊलींनो, वीस वर्षे हे मी स्वतःपासूनही लपवले होते. शेवट ठरवून लिहिले असते तर ते लपलेलेच राहिले असते. म्हणून सांगतो, लिहिताना भीती वाटली तरी थांबू नका. धुरा तेवढा सांभाळा.

माझी गोष्ट तिथेच थांबली आहे. धान चुरून झाले की पवनीची एसटी धरीन. ते गृहस्थ अजून आहेत, एवढी चौकशी केली आहे. दारात काय बोलायचे, ते या वेळी ठरवून जाणार नाही.

रामकृष्ण हरी.