लग्नाचा खर्च सुपारीच्या बैठकीत ठरतो

लग्नाचा खर्च मांडवात होतो, पण ठरतो सुपारीच्या बैठकीत. बस्ता, आचारी, कार्यालय, डॉल्बी यांची बिलं नंतर येतात. त्यांचे आकडे सोप्यात बसलेल्या दहा-बारा पुरुषांनी त्या दिवशीच बांधून टाकलेले असतात. यातल्या निम्म्यांच्या खिशातून रुपयाही जायचा नसतो. "आमचं काही मागणं नाही, मुलगी आणि नारळ द्या. फक्त लग्न तेवढं दणक्यात करा," असं कुणीतरी म्हणतं आणि मुलीचा बाप मान डोलावतो. त्या एका वाक्याने कितीतरी घरं कर्जात गेली आहेत. पत्रिका साधी छापून किंवा फुलं कमी लावून ते कर्ज फिटत नाही.

गगनबावडा तालुक्यात तर हंगामच माणसाच्या विरुद्ध उभा असतो. कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस इथे पडतो. जून ते सप्टेंबर अंगणात मांडव घालण्याचा प्रश्नच येत नाही. मग सुगी उरकायची, मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्या पोरांच्या सुट्ट्या जुळवायच्या, आणि सगळी लग्नं एप्रिल-मेच्या मोजक्या मुहूर्तांवर येऊन पडतात. साळवण असो की असळज, आचारी, बेंजो, गाडी, कार्यालय सगळ्यांना एकाच दिवशी मागणी, म्हणून भावही चढे. पैसा मात्र उलट्या वेळेला येतो. उसाचं बिल आधी सोसायटीच्या कर्जात वळतं होतं, भात बहुतेक घरी खायलाच लागतो. मेमध्ये हातात रोकड नसते. ती हातउसनी, सोनं गहाण ठेवून किंवा बचतगटातून उभी करावी लागते.

म्हणून शेतकरी लग्नात पैसा उधळतो हा आरोप मला मान्य नाही. तो जुना आहे आणि तेव्हाही खोटा ठरला होता. १८७५ मध्ये सुपे आणि आसपासच्या गावांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने लग्नसमारंभाच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं जातं, असंच नोंदवलं. जोतीराव फुल्यांनीही १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हा आरोप खोडून काढला. कुणब्याच्या घरचं लग्न तेव्हा खरोखर साधं होतं. रोपलावणीला जसा पैरा, तसाच लग्नालाही असे: भावकी मांडवाचे वासे आणी, गल्ली शेवया-पापड करी, पत्रावळी घरीच लावल्या जात. त्यात बायकांच्या फुकटच्या राबण्याचा वाटा फार मोठा होता, म्हणून मी त्या काळाचे गोडवे गाणार नाही. पण पैरा मोडला आणि त्याच्या जागी ठेका आला. पूर्वी गावाचे हात जे करत, ते आता मुलीच्या बापाला विकत घ्यावं लागतं. हे मान्य केल्याशिवाय त्याला काटकसर शिकवू नये.

फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्यात भटजी नव्हता, हुंडा नव्हता, आणि वधूवरांनी परस्परांना वचनं द्यायची होती. खर्च वाचला हे खरं. पण निर्णय मध्यस्थांकडून काढून ज्यांचं लग्न त्यांच्याकडे आणला, हे मला अधिक मोलाचं वाटतं. पुढे शाहू महाराजांच्या कोल्हापुरात ही चळवळ रुजली. आजच्या बैठकीत मात्र नवरीला पोहे देण्यापुरतंच बोलावतात.

आता हिशेब बघा. समजा, ताट १५० रुपयांचं धरलं. हजार माणसांचे दीड लाख होतात, तीनशेंचे ४५ हजार. रुखवत, पत्रिका, हार यांत कितीही कातरलं तरी एवढा पैसा वाचत नाही. आणि माणसं कमी केली तर पाहुणे रागावतील ही भीती? कोरोनाच्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, राज्य सरकारने लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी दिली होती, मोडल्यास ५० हजार दंड होता. तशी लागलेली लग्नं आज सुखाने नांदताहेत, सोयरिकीही तुटल्या नाहीत. तेव्हा दुखणं मोठं होतं, आप्तांना निरोपही देता आला नाही, हे विसरत नाही. पण हजारांची पंगत अनिवार्य नाही, हे त्या काळाने सिद्ध केलं.

२०२५ मध्ये मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाची आचारसंहिता पुढे आली: माणसं मोजकी, डीजे नको, प्री-वेडिंग नको. तिचं स्वागतच आहे. पण ती पाळायची जबाबदारी वरपक्षाने पहिली घ्यायला हवी, कारण मुलीचा बाप 'साधं करू' म्हणाला की त्याची ऐपत काढली जाते. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरला; 'दणक्यात करा' हा त्याच हुंड्याचा दुसरा हप्ता आहे.

शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींसाठी सामूहिक किंवा नोंदणीकृत विवाहाला अनुदान देणारी राज्य सरकारची शुभमंगल योजना आहे. सामूहिक लग्नात कमीपणा मानू नका, अर्ज करा.

तुळशीची लग्नं झाली की बैठका सुरू होतील. मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनो, यंदा याद्या करताना पहिल्या ओळीत ताटांचा आकडा लिहा, दुसऱ्या ओळीत खर्च निम्मा-निम्मा असं लिहा, आणि सही करायच्या आधी तो कागद नवरा-नवरीला वाचायला द्या.