दान आणि देणे

दारी आलेल्या याचकास विन्मुख पाठवू नये, हा संस्कार आपल्याकडे लहानपणापासूनच मनावर बिंबविला जातो. परंतु दारी आलेला मनुष्य याचक नसून आपला धनकोच असेल तर? त्याच्या झोळीत पसाभर धान्य घालून आपण उदारपणाचे समाधान मानावे, की मान खाली घालून त्याचे देणे फेडावे? गावची शाळा वर्गणीसाठी दारी येते तेव्हा नेमका हाच प्रश्न उभा राहतो. आणि तो दिसतो तितका सोपा नाही.

हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथाच्या तालुक्यात शिरड शहापूर नावाचे गाव आहे. मल्लिनाथाचे दिगंबर जैन क्षेत्र म्हणून ते प्रसिद्ध असून दूरदूरचे भाविक तेथे येतात व यथाशक्ति दान करतात. या दानात कोणास काही गैर वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही. देवास दिलेले द्रव्य हे भक्ताने आपखुशीने दिलेले द्रव्य होय. ते कमी पडले म्हणून कोणाचा हक्क बुडत नाही. शाळेची गोष्ट निराळी आहे. शिरड शहापुरात काय किंवा तशा दुसऱ्या कोणत्याही गावात काय, शाळेचे छप्पर गळले तर दात्याचे पुण्य कमी होत नाही. मुलाचे वर्ष बुडते. म्हणून देवळाच्या दानपेटीचा न्याय शाळेस जसाच्या तसा लावता येत नाही.

या बाबतीत आपल्याकडे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो की, शाळा चालविणे हे सरकारचे काम. गावाने त्यात एक पैही घालू नये. या पक्षाची बाजू लंगडी आहे असे कोणी समजू नये. १८८२ साली हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवताना जोतीराव फुल्यांनी हेच दाखवून दिले की, सरकारी तिजोरी मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. खेड्यातील मनुष्य कर देतो तेव्हाच त्याने शाळेची किंमत मोजलेली असते. त्याच्यापुढे पुन्हा वर्गणीची पावती धरणे म्हणजे एकाच मालाचे दाम दोनदा घेणे होय.

दुसरा पक्ष म्हणतो की, जी शाळा गावाने आपल्या हातांनी उभारली नाही ती गावास कधी आपली वाटत नाही. मराठवाड्यापुरते बोलायचे तर इतिहास याही पक्षाच्या बाजूने साक्ष देतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच होते. अशा काळात औरंगाबादेस सरस्वती भुवन, हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईस योगेश्वरी विद्यालय या संस्था लोकांच्या बळावर उभ्या राहिल्या. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्यास व अंबाजोगाईस शिक्षक होते, ही गोष्ट आकस्मिक नव्हे. पश्चिम महाराष्ट्रात भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. तिच्या वसतिगृहासाठी घरोघर मूठ मूठ धान्य गोळा झाले आणि लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांस जेवू घातले. ते मूठभर धान्य घालणारी बाई स्वतः निरक्षर असेल. पण त्या दिवसापासून ते वसतिगृह तिचे झाले.

मग खरा पक्ष कोणता? आमच्या मते दोन्ही पक्ष एका गोष्टीची गल्लत करतात. निजामी राज्यातील लोक वर्गणी देत होते, कारण राज्यच त्यांच्या भाषेतील शिक्षणाचे देणे मान्य करीत नव्हते. आज स्थिती तशी नाही. २००२ साली घटनादुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलाचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, आणि १ एप्रिल २०१० पासून त्यासंबंधीचा कायदा अमलात आला. ज्याने ऋण कबूल केले आहे त्या ऋणकोच्या वतीने तिसऱ्यानेच थोडेथोडे पैसे भरीत राहावे, तर ऋणको निर्धास्त होतो. भिंत, छप्पर, शिक्षक, पाणी व शौचालय ही या ऋणातील मुद्दल रक्कम होय; ती सार्वजनिक तिजोरीतूनच यावी. ही मुद्दल जेथे देणगीवर सोपविली जाते तेथे ज्या गावास श्रीमंत दाता लाभला त्या गावची मुले भाग्यवान आणि शेजारच्या गावची अभागी, असा भेद उत्पन्न होतो.

हा भेद काल्पनिक नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावण्याचे बंधन घातले; परंतु कंपनी जेथे धंदा करते त्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही त्यात सांगितले. हेतू चांगला, पण ज्या भागात कारखाने दाट, तेथेच हा ओघ वळावा, हा त्याचा स्वाभाविक परिणाम होय. सोयाबीन आणि हळद पिकविणाऱ्या मुलुखाच्या वाट्यास त्यातले कितीसे यावे? पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शाळा दत्तक देण्याची योजना काढली. ग्रामीण भागातील शाळेस पाच वर्षांत पन्नास लाखांच्या किंवा दहा वर्षांत एक कोटीच्या वस्तू व सेवा पुरविणाऱ्यास त्या मुदतीपुरते आपल्या पसंतीचे नाव शाळेच्या नावास जोडण्याची मुभा तीत होती. दत्तक हा शब्द येथे विचार करण्याजोगा आहे. ज्याचे आईबाप हयात आहेत आणि आपले कर्तव्य जाणतात, असे मूल सहसा दत्तक जात नाही. शिवाय दत्तकविधानात मुलाचे नाव बदलते! मूठभर धान्य देणाऱ्या शेकडो बायांची नावे कोणत्याच पाटीवर लागली नाहीत; त्यामुळे ते वसतिगृह सर्वांचे राहिले. एकाचे नाव लागले की उरलेल्या सर्वांचे नाव पुसले जाते.

तर मग गावाने काही देऊच नये काय? द्यावे, पण जे तिजोरीतून कधीच येऊ शकत नाही ते द्यावे. २०१० पासूनच्या त्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेस एक व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात निदान तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग पाहणे, ही तिची कामे. आणि सरकारने द्यावयाच्या अनुदानास त्या आराखड्याचाच आधार असावा, असे कायदा म्हणतो. म्हणजे मागण्याचा अधिकार कायद्याने गावाच्या हाती ठेवला आहे. परंतु आराखडा कोणी तरी लिहितो, समितीची वही घरोघर फिरते आणि सह्या होतात, असे जेथे घडते तेथे रंगविलेल्या भिंती आणि भेट आलेले संगणक यांनी काय साधणार? गावाची खरी वर्गणी म्हणजे त्या बैठकीतला एक तास, न भीता विचारलेला एक प्रश्न, आणि तिसरीतल्या मुलीस वाचता येते की नाही हे जवळ बसून पाहण्याची आस्था.

येथवर लिहिल्यावर एक गोष्ट कबूल करणे आम्हांस भाग आहे. आम्ही ज्या शाळेत पाटीवर पहिले अक्षर गिरविले ती अशीच एक गावची सरकारी शाळा होती. तिच्या दुरुस्तीसाठी वर्गणी मागण्यास लोक आले तेव्हा आम्ही बऱ्यापैकी रक्कम दिली, पावती घेतली आणि त्या रात्री समाधानाने झोपलो. आमची स्वतःची मुले मात्र शहरातील महागड्या शाळेत शिकली. ती गावच्या शाळेत असती तर छप्पर गळते म्हणून आम्ही वर्गणी देऊन थांबलो असतो काय? अर्ज केले असते, अधिकाऱ्यांच्या कचेऱ्या झिजविल्या असत्या, वर्तमानपत्रांत लिहिले असते. शाळेतून आम्ही आमची मुले काढून नेली. मुलांबरोबर आमचा आवाजही नेला, आणि त्या जागी थोडे पैसे ठेवले. शिकलेल्या मध्यम वर्गाने गावोगावच्या शाळांशी हाच व्यवहार केला आहे. त्यास औदार्य हे नाव शोभत नाही.

आपल्या पूर्वजांनी मनुष्यावर तीन ऋणे सांगितली. त्यांतील ऋषिऋण धनाने फिटत नाही. ते अध्ययनाने फिटते, आणि मिळालेली विद्या पुढे पोचविली म्हणजे फिटते. गळते छप्पर आज शाकारलेच पाहिजे. तिजोरी जागी होईपर्यंत मुलांनी पावसात बसावे, असे आम्ही म्हणणार नाही. तेव्हा हात अवश्य पुढे करावा. मात्र ज्या हाताने वर्गणी द्यायची त्याच हाताने सरकारकडे मागणीचा अर्जही लिहावा, आणि पावती जपून ठेवताना तिच्यावर दान हा शब्द लिहू नये. ती एका फार जुन्या देण्यातील व्याजाची पावती आहे. मुद्दल अजून बाकी आहे.