पत आणि खुर्ची

मानवतच्या मोंढ्यात कापूस आला की भाव बोलीने ठरतो, पण व्यवहार चालतो तो पतीवर. पट्टीचे पैसे हातात पडेपर्यंत शेतकऱ्याला आडत्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. असा शब्दाचा माणूस कायदे करायला गेला, तर मोंढ्यातली पत तिथे उपयोगी पडेल का?

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत आधी जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांच्या निमित्ताने विचारता येतो. १८०३ साली मुरबाडला जन्मलेल्या नानांना सराफी-व्यापाराची पेढी वारशाने मिळाली. पण नाव झाले ते पेढीबाहेरच्या कामांमुळे. मुलींना शिकवणे लोकांना रुचत नव्हते, तेव्हा त्यांनी शाळेसाठी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट केली; १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. १८५२ च्या बॉम्बे असोसिएशनचे तर ते आधारस्तंभच. मुंबईच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली ती त्यानंतर, १८६२ मध्ये.

त्या खुर्चीत अधिकार किती होता? १८६१ च्या कायद्याने सभासदाला समोर आलेल्या विधेयकापुरतेच बोलता येई. सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा मिळायला १८९२ उजाडले. म्हणजे नानांच्या बोलण्याला जे वजन होते, ते त्यांनी घरूनच नेले होते. आज पुष्कळदा उलटे घडते. आधी खुर्ची मिळवायची आणि तिच्या जोरावर पत उभी करायची, असा क्रम रूढ होऊ लागला आहे.

तरीही नानांचा काळ परत यावा, असे म्हणवत नाही. त्यांना गव्हर्नराने नेमले होते, रयतेने निवडले नव्हते. रयतेच्या मनातून ते उतरले असते, तरी तिला त्यांना हटवता आले नसते. निजामाच्या राज्यातल्या मानवतला तर विधानसभेसाठी मत द्यायला १९५२ ची निवडणूक यावी लागली. पत कितीही मोठी असली, तरी ती तपासण्याचा हक्क लोकांकडे नसेल तर ती मेहेरबानीच ठरते.

मोंढ्यात हा हक्क शेतकरी सहज बजावतो. आडत्याने शब्द मोडला, की पुढच्या हंगामात माल दुसऱ्याच्या दारात उतरतो. पण ज्याने पेरणीला उचल घेतली आहे, त्याला दार बदलता येत नाही. भाव पडला तरी माल तिथेच घालावा लागतो. मतदाराचेही तसेच आहे. बदलीची चिठ्ठी, कर्जाची शिफारस, मंडळाची वर्गणी या उचलीखाली तो दबला, की मत नावापुरते त्याचे उरते. व्यापारी आमदार झाला म्हणून लोकशाहीला धोका नाही. आमदारकीचीच आडत झाली आणि मतदार तिचा देणेकरी झाला, की मग मात्र आहे.